कडी न लावलेलं दार

वहिनी,

दहाव्याला तुमच्या पिंडाला कावळा लगेच शिवला, याचा मला राग आला आहे. गुरुजी पान ठेवून नीट मागे सरकलेही नव्हते. तो आला, भाताची एक चोच घेतली आणि नदीवरून पलीकडे गेला. मागे आपली माणसं तयारीत उभी होती. कावळा अडला की काय काय कबूल करायचं हे त्यांचं ठरलं होतं. खंड्या बैलाला विकणार नाही म्हणून सांगू, नातीला, ओवीला जपू म्हणून सांगू. कोणाला तोंड उघडावं लागलं नाही. सगळे म्हणाले, बाईची काही इच्छा राहिली नव्हती, तृप्त गेली. मी मनात म्हटलं, हे शक्य नाही. माझ्याशी भांडण अर्धं टाकून गेलेली बाई तृप्त कशी असेल? ते भांडण तुमच्या लेखी मिटलं होतं, तर कधी मिटलं आणि कोणाच्या बाजूने, एवढं तरी मला कळायला हवं होतं.

मी अर्धवट गोष्टी सहन करू शकत नाही हे तुम्हाला माहीत होतं. फुलांची गोणी काट्यावर ठेवली आणि काटा थरथरत असला तर तो थांबेपर्यंत मी पुढची गोणी उचलू देत नाही. अडत्याकडची पोरं मला हसतात. तुम्हीही हसायच्या. "भाऊजी देवाला नमस्कार करत्यात तो पण मापात," असं तुमच्या जावेला, मंदाला सांगायच्या, मला ऐकू जाईल अशा आवाजात.

दादा गेला तेव्हा तुमचे भाऊ चांदवडहून तुम्हाला न्यायला आले होते. तुम्ही ओट्यावर बसून म्हणालात, "माझा गोठा कोण पाहील?" दिराचं नाव घेतलं नाहीत, जावेचं नाही, माझ्या लहानग्या ऋताचंही नाही. गोठ्याचं घेतलंत. मला तेव्हा ते लागलं होतं. पुढे कळलं की तुमची तीच पद्धत. ज्याच्यात जीव, त्याचं नाव घ्यायचं नाही.

ऋता श्रावणात मनमाडहून बाळंतपणाला आली. जावई नीलेशराव तिला सोडून रेल्वेच्या ड्यूटीवर परत गेले. त्याच दिवशी जेवताना तिने सांगितलं, "पप्पा, मी इथेच बाळंत होणार. घरी. दवाखान्यात नाही. शैला सिस्टरांशी माझं बोलणं झालंय."

मी म्हटलं, "नाही."

तुम्ही चुलीपुढून म्हणालात, "आधी पुरं ऐकून तर घ्या. घास गिळायच्या आत नाय म्हनू ऱ्हायले."

मी ऋताला एकेक विचारत गेलो. रक्त किती, वजन किती, सोनोग्राफीत बाळाचं डोकं कुठे, पाणी किती. तिने सगळे आकडे न अडखळता सांगितले, माझीच मुलगी. मग मी म्हटलं, "आणि रक्त थांबलं नाही तर?" ताट बाजूला सारून तिने मागच्या वेळचं सांगितलं. तिचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं, हे आपल्याला माहीत होतं. ते कसं गेलं हे तिने नीलेशरावांनाही पुरतं सांगितलं नव्हतं. मेलेलं बाळ बाहेर येत असताना तिला उताणं पाडून पाय पट्ट्यांनी बांधले होते. ती ओरडली की तिथली बाई मांडीवर चापट मारायची. बोटं उठायची आणि ती बसायच्या आत पुढची चापट. मारताना ती बाई म्हणाली होती, नवऱ्याजवळ निजताना ओरडली नाहीस, आता कशाला गळा काढते.

मंदाने पदर तोंडावर धरला. तुम्ही उठलात, पिठाचे हात तसेच, आणि भिंतीवरचा विळा काढून बाहेर पडलात. मी तुम्हाला फाटकापाशी गाठलं.

"कुठं निघालात?"

"त्या बाईला पाहून येते."

"वहिनी, त्याला दोन वर्षं झाली."

"मग? हात तर तोच आसंल ना तिचा."

तुमच्या मुठीतून विळा काढताना माझा अंगठा कापला. तो बांधताना तुम्ही म्हणालात, "पोरगी म्हनती तसं होऊ द्या." मी आणखी दोन आठवडे नाहीच म्हणत होतो, पण माझा नकार त्या दिवशी त्या फाटकातच पडला होता.

शैला सिस्टर मला आवडल्या, कारण त्यांच्या अटी स्वच्छ होत्या. त्यांनी बरीच वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात काढली होती, नंतर घरी जाऊन बाळंतपणं करायला लागल्या. पहिल्याच भेटीत माझ्या तोंडावर म्हणाल्या, "मी हो म्हणेपर्यंत घरी. मी नाही म्हटलं की सरळ गाडीत. त्या वेळी कोणी वाद घालायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही, आणि या काकू तर नाहीच." तुम्ही त्यांच्याकडे असं पाहिलंत की मला वाटलं आता यांच्यातच जुंपणार. पण तुम्ही त्यांना ताक दिलंत.

ओसरीला लागून असलेली धान्याची खोली आपण रिकामी केली. मी दोनदा चुना मारून घेतला. मंदाने चादरी उकळून उन्हात कडक वाळवल्या. सिस्टरांनी ऑक्सिजनचं छोटं नळकांडं, बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र, रक्त थांबवायची इंजेक्शनं आधीच आणून ठेवली. मी गाडीचं तोंड फाटकाकडे करून ठेवलं आणि फाटकात कोणाचंही वाहन लावायला बंदी केली. ऋताच्या रक्तगटाची माणसं हेरून त्यांना त्या आठवड्यात गाव सोडू नका म्हणून सांगितलं. फुलांच्या वजनकाट्यावर बाळाचं वजन घ्यायचं म्हणून तो खात्रीच्या वजनांनी तपासला. तुम्ही कमरेवर हात ठेवून हे सगळं बघत होता. "भाऊजी, पोर यायचंय. यष्टी नाय यायची टायमावर."

तुमची तयारी वेगळी होती. शेगडी, कोळसे, धुरीचा ओवा, वेखंड, तुमचीच जुनी मऊ लुगडी फाडून केलेली दुपटी. आणि एक गोष्ट तुम्ही कोणालाच आधी सांगितली नाहीत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे ऋताला कळा सुरू झाल्या. झेंडूवाल्याच्या घरात याहून वाईट दिवस नाही. शेतात तोडणीच्या बाया, ओसरीसमोर गोण्यांची थप्पी, फाटकाबाहेर आमची फुलं बाजाराला नेणाऱ्या अन्वरचा टेम्पो. सिस्टर आल्या, ऋताला तपासलं, म्हणाल्या, "छान चाललंय. वेळ लागेल." त्या आणि मंदा खोलीत गेल्या. दार लोटलं. मी कडी लावायला सांगितली, कारण अंगणात माणसांची ये-जा होती. तुम्ही माझा हात धरलात.

"कडी नाय लावायची."

"का?"

"घरात काय बांधलेलं, लावलेलं ऱ्हायलं का पोटातलं अडतं."

आणि तुम्ही सुरू झालात. कपाटांची कुलपं काढलीत. डब्यांची झाकणं उचलून ठेवलीत. स्वतःचा अंबाडा सोडलात, मंदाचा सोडायला लावलात. पडदे बांधलेल्या दोऱ्या, विहिरीवरच्या बादलीची गाठ, वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी. मी बुटात होतो. माझ्यापुढे उकिडव्या बसून तुम्ही माझ्या बुटांच्या नाड्या सोडल्यात. आत ऋता दात खाऊन ओरडत होती आणि अशा वेळी बुटाची नाडी हा वादाचा विषय नव्हता. पण मग तुम्ही वजन झालेल्या गोण्यांची तोंडं सोडायला लागलात.

"वहिनी, त्या मोजलेल्या आहेत."

"पुन्हा मोजा."

झेंडू अंगणभर सांडला. तोडणीच्या बायांपैकी एक म्हणाली, "आत्या, माझं मंगळसूत्र पन सोडू का?" तुम्ही म्हणालात, "तुझ्या नवऱ्यालाच सोड, बरं होईल." सगळ्या हसल्या. आतून कळ आली तसं हसणं थांबलं.

त्या कळांबद्दल मी काही ऐकून होतो, पण ओसरीवर बसून ऐकणं निराळं. मंदा मधेच गरम पाणी घ्यायला बाहेर आली तेव्हा तिच्या दंडावर ऋताच्या दातांची गोल खूण होती, रक्ताळलेली. ती म्हणाली, "चावू दे. तिला कुठंतरी चावायला पाहिजे." ऋता आतून शिव्या देत होती. नीलेशरावांना, मला, त्या दवाखान्यातल्या बाईला. सिस्टर एकाच सुरात म्हणत होत्या, "दे शिव्या. आणि आता जोर दे." बाळ जन्माला येतं असं आपण म्हणतो. ते येत नाही, वहिनी. ते फाडत, ढकलत, आईच्या हाडांशी मारामारी करत बाहेर पडतं. मी पन्नाशी ओलांडून हे शिकलो, लोटलेल्या दाराच्या बाहेर बसून.

खंड्या मोकळा झालेला मी पाहिला तेव्हा तो सांडलेला झेंडू खात होता.

तुम्ही त्याला वासरू असल्यापासून बाटलीने दूध पाजलंत. त्याची आई विषारी चारा लागून मेली होती. तो गायींच्या मागे लागेल एवढा झाला तेव्हापासून मी म्हणत होतो, एक तर त्याला खच्ची करून घ्या, नाही तर विका. तुम्ही म्हणायच्या, "त्यानं तुमचं काय खाल्लं?" पुरता वाढलेला खोंड, खिलारी, टोकदार शिंगांचा, अंगणात मोकळा. दाव्याचं तुटलेलं टोक नव्हतं मानेला. दावं कोणी सोडलं होतं ते विचारायची गरज नव्हती.

"वहिनी, त्याला कशाला सोडलंत?"

"तो पन बांधलेलाच हाय ना."

मी अन्वरला हाक मारली की दोर आण. अन्वरला वाटलं, बैल फुलं खातोय म्हणून ओरडलो. त्याने टेम्पोचा हॉर्न दाबला आणि दाबून धरला. त्याच क्षणी आत ऋता जी ओरडली ती तोपर्यंतच्या सगळ्या ओरडण्यापेक्षा वेगळी होती. सिस्टरांनी नंतर सांगितलं, डोकं दिसलं तेव्हाचं ते ओरडणं. खंड्या हॉर्नपासून उलटा फिरला. समोर माणसं पळत होती. तो गोण्यांवरून, वजनकाट्यावरून, एका बाईच्या पाटीवरून ओसरीवर चढला. आवाज त्या दाराआडून येत होता आणि त्याचं तोंड त्या दाराकडे होतं.

दाराला कडी नव्हती. तुम्ही तिथे जाऊन उभ्या राहिलात, पाठ दाराला, दोन्ही हात चौकटीला रोवून. कडी तुम्ही झालात.

पुढचं मी अनेकदा मांडून पाहिलं आहे. भिंतीला टेकवलेली पहार माझ्या हातात होती. मी ती त्याच्या डोक्यावर घातली. डावं शिंग मुळातून मोडलं आणि सालीला लटकत राहिलं, रक्त उडून माझ्या चष्म्यावर आलं. उजवं शिंग तुमच्या मांडीत गेलं होतं. त्याच्या धडकेने तुमचा खुबा चौकटीवर आपटून मोडला. तो आवाज वाळक्या फांदीसारखा आला. मी पुन्हा मारली, या वेळी मानेवर. तुम्ही किंचाळला नाहीत. तुम्ही मला म्हणालात, "मारू नका, भ्यालंय ते." मी तिसऱ्यांदा पहार उचलली ती चौकटीला लागली, तो घाव अजून तिथे आहे. मग अन्वरने फास टाकला आणि खंड्या फासासकट झेंडूच्या वावरात पळाला.

आत काय चाललं होतं ते मंदाने सांगितलं. दार दणादण हादरत होतं. ऋता म्हणाली, काय झालं. सिस्टर म्हणाल्या, "बाहेर जग बुडू दे. माझ्याकडे बघ." दार फटीएवढं उघडलं आणि उंबऱ्यावरून रक्त आत आलं. मंदाला वाटलं ते ऋताचं. सिस्टरांनाही क्षणभर तेच वाटलं. त्यांनी बाळाच्या डोक्यावरचा एक हात काढून चाचपून पाहिलं की हे येतंय कुठून. मग त्यांना ओघाची दिशा दिसली. त्यांनी मंदाला फक्त एवढंच सांगितलं, "पुसून घे. घसरायला नको." आणि ऋताला म्हणाल्या, "एकदाच. सगळं." मंदाने तुमचं रक्त तुमच्याच लुगड्याच्या फडक्याने पुसलं.

बाळ निळं आलं आणि रडलं नाही. मी तुमच्या मांडीवर दोन्ही हातांनी दाब देऊन बसलो होतो, माझ्या बोटांमधून गरम रक्त येत होतं, आणि आतून काही आवाज नव्हता. तुमचे डोळे मिटलेले होते. तुम्ही ऐकत होता. सिस्टरांनी पाठ चोळली, नाकातोंडातलं ओढून काढलं, तोंडावर मास्क धरून हवा दिली. मग ते रडलं. बारीक, चिडकं.

"पोरगी का पोरगा?" तुम्ही विचारलंत.

"माहीत नाही."

"मग इचारा ना. काय पाहू ऱ्हायले?"

ऋतासाठी फाटकाकडे तोंड करून ठेवलेल्या गाडीत तुम्हाला घातलं. तुमचा रक्तगट घरात कोणालाच माहीत नव्हता. दवाखान्यात तो निघाला तेव्हा मी जमवलेल्या माणसांपैकी एकाचाही उपयोग नव्हता, अन्वरचा जुळला. गाडीत तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तुम्ही एकच गोष्ट विचारलीत, "शिंग मोडलं का वो त्याचं?" मी म्हटलं, हो. तुम्ही तोंड फिरवलंत.

ऑपरेशननंतर, गुंगी पुरती उतरली नव्हती तेव्हा, तुम्ही भिंतीकडे बघत मला सांगितलंत की तुमचं बाळ त्याच खोलीत गेलं. मला वाटत होतं ते चांदवडला, तुमच्या माहेरी. मी तेव्हा कॉलेजात, बाहेरगावी होतो आणि अशा गोष्टी मुलांना सांगत नसत. तुम्ही म्हणालात, सुईणीने सगळं सोडायला लावलं होतं. कुलपं, झाकणं, गाठी. पोर अडलं, अडून मेलं. पाचवीच्या दिवशी पुजायला पोर नव्हतं. माझी आई रिकाम्या पाटाशी बसून तुम्हाला म्हणाली, "गोठ्यात बैल बांधलेला ऱ्हायला. तू इसरलीस. तुझ्या इसरण्यानं गेलं." तुमच्या अंगाखाली तेव्हा अजून रक्त होतं.

मी म्हटलं, "वहिनी, बैलाचा आणि बाळाचा काही संबंध नसतो."

"मला काय ते कळत नाय व्हय?" तुम्ही म्हणालात. "पन आपल्या ऋताच्या बारीला कोणी म्हनायला नको."

माझ्या आईबद्दल मी आजवर कोणाकडे वाईट बोललो नाही. त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून मी तिला शिवी दिली. ती जाऊन खूप वर्षं झाली आहेत. तरी दिली, मोठ्याने.

नंतरचे महिने तुम्ही खाटेवर काढलेत, ओसरीवर, गोठा दिसेल अशा जागी. पाठीला जखमा झाल्या. त्या धुताना तुम्ही उशी चावायच्या आणि मंदाला म्हणायच्या, तुझ्या लेकीनं बरं, तुझा दंड तरी चावला. ओवीला तुमच्या कुशीत ठेवलं की ती तुमच्या मोडक्या खुब्यावर लाथा मारायची. तुम्ही डोळे घट्ट मिटायच्या पण तिला सरकवू द्यायच्या नाहीत. ऋता उचलायला आली की म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे. तिचा जोर पाहू ऱ्हायले मी."

आणि आपलं भांडण चालू राहिलं. मी म्हणायचो, त्याने तुम्हाला शिंग मारलं म्हणून मी पहार घेतली. तुम्ही म्हणायच्या, "उलटं. तो दारापुढं येऊन थांबला होता. माझ्या पोटाला नाक लावून हुंगत होता. तुम्ही मागून पहार घातली म्हणून तो पुढं उसळला."

"मी डोळ्यांनी बघितलं, वहिनी."

"तुम्ही मागून पाहिलं. मी पुढून."

मी ओसरीवर जाऊन उभा राहिलो. तुमची जागा, त्याची जागा, माझी जागा, चौकटीवरचा पहारीचा घाव. मापं घेतली. मापांवरून कोण कुठे होतं ते कळतं. आधी काय झालं ते कळत नाही. अन्वर टेम्पोतून उतरत होता, बाया पळत होत्या. पाहणारे आपण दोघंच. तुम्ही कधी चिडून म्हणायच्या, कधी हसून, पण म्हणणं तेच. शिंगासाठी तुम्ही मला माफ केलं नाहीत. मांडीसाठी तुम्ही कोणालाच दोष दिला नाहीत. आणि मी, तुम्ही त्या दारात उभ्या राहिलात याबद्दल एक शब्द बोललो नाही. आधी भांडण निकाली लागू दे, मग बोलू, असं माझं चाललं होतं. मग पायातल्या रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेली. तुम्ही चहा मागितलात आणि चहा येईपर्यंत संपलात.

आता तुम्हाला जे माहीत नाही ते सांगतो.

दहाव्याला घाटावरून परत आल्यावर जेवणाच्या पंगतीत नात्यातली एक बाई म्हणाली, "हौस पोरीची, जीव काकूचा." हळू म्हणाली, पण ऋताला ऐकू गेलं. ऋताने वाढायची परात खाली ठेवली. त्या दिवसापासून ती जेवत नव्हती. ओवीला पाजायला घ्यायची, दूध येत नव्हतं, ओवी छातीवर बुक्क्या मारून रडायची. धान्याच्या खोलीसमोरून जायला लागू नये म्हणून ऋता मागच्या दाराने फिरायची. नीलेशराव आले, समजावून परत गेले. मंदाने दृष्ट काढली. चार दिवसांनी ऋता माझ्यापुढे येऊन बसली. तिचे डोळे मला तुमच्या त्या दवाखान्यातल्या डोळ्यांसारखे वाटले, भिंतीकडे बघणारे.

"पप्पा, तुम्ही खोटं बोलत नाही. म्हणून तुम्हालाच विचारते. मी दवाखान्यात गेले असते तर काकू जिवंत असती?"

हिशेब सरळ होता. ती दवाखान्यात असती तर गाठी सोडायच्या नव्हत्या, खंड्या दाव्याला असता, दारात कोणी उभं राहिलं नसतं. उत्तर हो होतं. मी आयुष्यभर हिशेबातून निघालेलं उत्तर बदललेलं नाही. दुसरं उत्तर असं की वहिनींनी बैल सोडला, वहिनींचीच चूक. तेही खरं होतं. ते सांगितलं असतं तर ती सुटली असती आणि तुम्ही अडकल्या असता, तुम्ही, ज्या एका बैलाखाली जन्मभर अडकून होता. आणि नाहीच काही सांगितलं तर माझ्या घरात पुन्हा एक बाई रिकाम्या पाटाशी बसणार होती.

मी म्हटलं, "ऋता, खंड्या दारापुढं येऊन थांबला होता. तुझी काकू त्याला आवरत होती. तो तिला हुंगत होता. मी घाबरलो आणि मागून पहार घातली. म्हणून तो उसळला. मी मारलं नसतं तर त्याने तिला शिंग लावलं नसतं."

ती म्हणाली, "काकू हेच म्हणायची. आणि म्हणायची, तुझा बाप मरेपर्यंत हे कबूल करायचा नाही."

"आता केलं."

"आणि इतके महिने तिच्याशी भांडत होतात? ती हाडं मोडून पडली होती आणि तुम्ही तिला खोटं पाडत होतात?"

तिने मला मारलं, वहिनी. आधी छातीवर, मग तोंडावर, उघड्या हाताने. चष्मा उडाला. मी हात वर केला नाही. मंदा धावत आली तिला मी खुणेने थांबवलं. ऋता दमेपर्यंत मारत राहिली आणि मग तिथेच जमिनीवर बसून रडली, तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा. संध्याकाळी तिने भाकरी खाल्ली.

ती अजून माझ्याशी बोलत नाही. मंदाकडून निरोप पाठवते. हरकत नाही. तिला राग धरायला कोणीतरी हवं होतं आणि माझी पाठ अजून शाबूत आहे. काल सकाळी ती ओवीला घेऊन धान्याच्या खोलीत गेली. पाटावर बसली, पाय पसरले, पायांवर बाळाला पालथं घालून आंघोळ घातली. ओवी पाणी उडवत ओरडत होती, दार सताड उघडं होतं, आणि मी अंगणात उभा राहून ते सगळं बघितलं.

तर वहिनी, तुमचं म्हणणं मी लेकीपुढे मान्य केलं आहे. ते खरं होतं का, मला अजूनही माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर ते तुमच्याजवळच ठेवा.